सोंगाड्या माशांची सटी

सूर्यभान गोरक्ष वाबळे यांच्या उजव्या हाताची तीन बोटे अग्रभागी पिवळट आणि कठीण झाली होती. त्या बोटांना चटका चटकन कळत नसे, आणि घरात भाजी करपली तर त्यांच्या नाकाला ते सर्वांत शेवटी समजे. नगरच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांनी एकतीस वर्षे सेवा केली. त्या सेवेचा फार मोठा भाग मृत जीवांना फॉर्मॅलीनच्या द्रावात बुडवून, बरणीचे झाकण मेणाने बंद करून, वर नावाची चिठ्ठी डकवण्यात गेला होता. बेडूक, विंचू, समुद्रघोडा, दोन तोंडांचे वासरू, असे कितीतरी जीव त्यांच्या हातून काळाच्या तडाख्यातून सुटले. पण सुटले ते मरणानंतर. जिवंत असा एकही प्राणी त्यांच्या हाताखाली वाढला नव्हता, आणि सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात गळ्यात हार पडत असताना त्यांच्या मनात हीच एक गोष्ट होती, असे त्यांनी पुढे आपल्या बहिणीला सांगितले.

विभागप्रमुख जयमालाबाई त्यांच्यापूर्वी चारच महिने निवृत्त झाल्या होत्या. बाईंनी एका अभ्याससहलीत दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावरून विदूषक माशांची एक जोडी आणली होती आणि पदरमोड करून ती सात वर्षे विभागात जगवली होती. देह काळसर तपकिरी, शेपूट पिवळी, आणि अंगावर शुभ्र पट्टे, जणू कोणी चुन्याची बोटे ओढली आहेत. या जोडीने बाईंच्या काळात सहा वेळा अंडी घातली. सहाही वेळा ती फुटली, आणि सहाही वेळा पिले तिसऱ्या दिवशी संपली. नव्या विभागप्रमुखांना त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची अडचण होऊ लागली तेव्हा बाई स्वतः रिक्षाने आल्या आणि सूर्यभानांना म्हणाल्या, "घेऊन जा तुम्ही ही घरी. इथे राहिली तर पुढच्या सोमवारी बाटलीत जाईल, आणि चिठ्ठी तुम्हालाच लिहावी लागेल."

"बाई, मला जमंल का?"

"मला तरी कुठे जमलं? मला वेळ नव्हता, तुम्हाला आहे. पिलांना अंगावर पट्टा उमटेपर्यंत जगवायचं, एवढंच बघा. पट्टा उमटला की मासा झाला. आणि जे कराल ते रोज वहीत लिहा. मला वाचायचंय."

अशा रीतीने एक समुद्र नगरहून शेवगावला आला. सूर्यभानांचे घर गावाच्या पूर्वेच्या अंगाला, धाब्याचे, दोन खणांचे आणि आत बारमाही गारवा असलेले. पत्नी निवर्तून नऊ वर्षे झाली होती. घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस होते, थोरली बहीण गोजरबाई. सूर्यभान पाच वर्षांचे असताना आई गेली, तेव्हा या बहिणीने त्यांना कडेवर वाढवले. पुढे तिचे लग्न झाले, आणि वैधव्य येऊन ती परत आली. गावात कोणाच्याही घरी बाळंतपण झाले की बाळंतिणीला शेक द्यायला, बाळाला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणे येई. आता वय झाले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला माणसे आवाजावरून कळत, आणि वस्तू त्यांच्यावर पडणाऱ्या उजेडावरून.

"ह्ये कशाचं मासं म्हनलास?" तिने पहिल्या दिवशी विचारले.

"विदूषक मासे."

"इदुषक म्हंजी?"

"तमाशात सोंगाड्या असतो बघ, तोंडाला पांढरं फासून येतो, तसा."

"मग सोंगाड्या म्हन की सरळ. त्वांड वाकडं करून कशाला बोलतोस?"

संस्कृत नाटकांतला विदूषक हा राजाचा सखा असतो. लोकांना हसवणे हे त्याचे काम, पण नायकाचे दुःख सर्वांआधी त्यालाच कळते. गोजरबाईंना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्या दिवसापासून घरात मासे सोंगाडी झाले, आणि पुढे सूर्यभानांच्या वहीतही तोच शब्द आला.

समुद्र टिकवणे हे सोपे कर्म नव्हे. नगरच्या बाजारात सुक्या मासळीचा व्यापार करणारे आबासाहेब आठवड्याला कोकणात टेम्पो पाठवीत. परतीच्या टेम्पोत बोंबलांच्या पोत्यांशेजारी खाऱ्या पाण्याचे चार कॅन येऊ लागले. आबासाहेब कधी स्वतः शेवगावला आले तर कॅन उतरवताना सगळ्या आळीला ऐकू जाईल असे बोलत. "मामा, सारी दुनिया समुद्रावरनं मासं आनती. तुमी एकलेच असं हाय की समुद्र आनता आन् मासं घरी करता!"

शेजारच्या बनुबाई ओट्यावरून तितक्याच मोठ्याने म्हणत, "आमाला टँकरचं पानी दोन हंडे, आन् ह्यांच्या माशांला कोकनातनं! फुडच्या जन्मी मासाच व्हावं गं बाई, तेबी मामांच्या घरी."

पाण्याचा खारटपणा मोजण्याचे यंत्र सूर्यभानांकडे नव्हते. त्यांनी दूध संकलन केंद्रातून जुने लॅक्टोमीटर मागून आणले. दुधात पाणी घातले आहे काय हे पाहण्याचे ते काचेचे उपकरण समुद्राच्या पाण्यातही तितक्याच प्रामाणिकपणे तरंगले. आकडा पंचविसावर आला की पाणी योग्य, वर चढला की गोडे पाणी घालायचे, असा नेम त्यांनी बसवला. केंद्रावरचा मनुष्य भेटला की विचारी, "मामा, आज डिग्री किती? म्हशीचं का गाईचं?" यावर सूर्यभान गंभीरपणे उत्तर देत, "पंचवीस. समुद्राचं."

वीज जाई तेव्हा पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडे, आणि वीज रोज जाई. त्यासाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब भरून ठेवली होती आणि तिला दवाखान्यातली सलाईनची नळी जोडली होती. नळीवरचे चाक बोटाने किंचित फिरवले की टाकीत बुडबुड्यांची बारीक रांग सुरू होई आणि ती तीन तास पुरे. रुग्णाच्या शिरेत जीवन थेंबाथेंबाने सोडण्यासाठी निर्मिलेली ती नळी इथे श्वास सोडीत असे.

खरा प्रश्न पिलांच्या अन्नाचा होता. अंड्यातून निघालेले पिलू तांदळाच्या कणीहून लहान, आणि त्याचे मुख इतके सूक्ष्म की दळलेली कोणतीही वस्तू त्याला गिळता येत नाही. शिवाय जे हलते तेच ते खाते. बाईंची पिले तिसऱ्या दिवशी मरत ती याच कारणाने. पोटातला पिवळा बलक संपे आणि बाहेर खाण्याजोगे काही नसे. बाईंनी निवृत्तीनंतर खटपट करून एका किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रातून रोटिफर नावाच्या सूक्ष्म जीवांचे बियाणे मिळवून दिले. हे जीव डोळ्यांना धुळीसारखे दिसतात. त्यांना वाढवायचे तर हिरवे पाणी लागते, आणि हिरवे पाणी वाढवायला ऊन. सूर्यभानांनी घरातल्या लोणच्याच्या सहाही बरण्या माळवदावर उन्हात मांडल्या.

"औंदा लोनचं न्हाई म्हना की," गोजरबाई म्हणाल्या.

"आक्का, हेच लोणचं समज. फक्त तुझं नाही, त्यांचं."

"माझ्या बरन्यांत ह्यो शेवाळ्याचा काढा! लोकांनी इचारलं तर काय सांगू, माझा भाऊ पान्याला हिरवं करतो?"

हे असे दोन वर्षे चालले. रोटिफर चार वेळा मेले, पाच वेळा जगले. जोडीने तीनदा अंडी घातली आणि तीनदा सूर्यभानांची तयारी अपुरी पडली. त्यांनी वहीत प्रत्येक वेळी तारीख लिहिली आणि पुढे एकच शब्द लिहिला, 'नाही.'

सत्त्याण्णव सालच्या भाद्रपदात जोडीने टाकीतल्या कौलाच्या तुकड्यावर चौथ्यांदा अंडी घातली. नारिंगी रंगाचे ते चारशे दाणे सूर्यभान भिंगातून रोज पाहत आणि बहिणीला सांगत. मादी आकाराने मोठी, ती अंडी घालून निघून जाई. नर मात्र आठ दिवस त्या कौलाजवळून हलला नाही. तो परांनी पाण्याचा वारा घालीत होता, मुखाने एकेक अंडे स्वच्छ करीत होता, आणि मेलेले अंडे वेचून बाजूला टाकीत होता.

"बाप करतोय ह्ये समदं?" गोजरबाईंनी विचारले.

"बापच."

"आन् आई?"

"ती हिंडतीय तिकडं."

"असा गडी मला बघून दिला असता आपल्या बापानं, तर मी परत कशाला आले असते?" असे म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

आठव्या दिवशी अंड्यांतले डोळे रुपेरी चमकू लागले. दिवेलागणीच्या सुमारास सूर्यभानांनी कौल अलगद उचलून वेगळ्या टाकीत ठेवले. त्या टाकीच्या तीन बाजूंना त्यांनी काळा कागद चिकटवला होता. समोरची काच पाहण्यासाठी मोकळी होती, आणि रात्री तिच्यावर काळे कापड सोडायचे होते. बाईंच्या टिपणात स्पष्ट लिहिले होते की पिलांना चोहोंकडून सारखा मंद उजेड हवा. एका बाजूने प्रकाश आला तर ती त्याच्याकडे धावतात, काचेवर डोकी आपटतात आणि शिणून मरतात. त्या रात्री घरात काळोख करून ते तासभर थांबले, आणि मग काजळी धरलेल्या कंदिलाच्या धुरकट उजेडात त्यांनी पाहिले. पाण्यात चांदीचे बारीक कण थरथरत होते. तीनशेहून अधिक असतील. त्यांनी वहीत लिहिले, 'झाली.'

झोपण्यापूर्वी काळे कापड सोडून ते बहिणीला म्हणाले, "आक्का, ह्या कापडाला हात लावू नको."

"बरं," ती म्हणाली.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सूर्यभान जेवले नाहीत. दर दोन तासांनी ते बरणीतले हिरवे पाणी गाळून, त्यातली जिवंत धूळ चमच्याने टाकीत सोडीत आणि भिंग लावून पिलांच्या पोटाकडे पाहत. संध्याकाळी एका पिलाचे पोट त्यांना किंचित पिवळसर, भरलेले दिसले. मग दुसऱ्याचे. ज्या दिवशी बाईंचा प्रयत्न सहा वेळा संपला होता, तो दिवस सूर्यास्तापर्यंत टिकला आणि मावळला. चौथ्या दिवशी काही मेली. पाचव्या दिवशी त्यांनी नऊ-नऊ वेळा मोजून दोनशेचा अंदाज काढला आणि बाईंना कार्ड टाकले. 'अजून दोनशे आहेत. खातात. आपला आज्ञाधारक, सूर्यभान वाबळे.' चार रात्री त्यांना धड झोप मिळाली नव्हती. कार्डावरची अक्षरे तिरकी गेली होती.

सहाव्या दिवशी, दिवस कलल्यावर, गोजरबाई त्यांच्यासमोर ताट ठेवून म्हणाल्या, "आज तू नीज. आज मी जागते."

"कशाला, आक्का?"

"म्हनले ना, नीज. डोळे बघ कसे झालेत, मला आंधळीला दिसत्यात."

षष्ठी या शब्दाचे लोकांच्या मुखात सटी झाले आहे, आणि षष्ठीदेवीचे सटवाई. बाळ जन्मल्यानंतर सहाव्या रात्री देवी येते आणि त्याच्या कपाळी आयुष्याचा लेख लिहिते, अशी श्रद्धा या देशात कोणत्या युगापासून चालत आली असेल हे सांगता येत नाही. त्या रात्री बाळाजवळ दिवा तेवत ठेवतात, कोरा कागद आणि लेखणी मांडतात, आणि घरातले एक मोठे माणूस पहाटेपर्यंत जागते. कारण देवी अंधारात आली तर अक्षर चुकेल. गोजरबाईंनी उभ्या आयुष्यात परक्यांच्या शेकडो लेकरांची सटी जागवली होती. भाऊ ज्यांच्यासाठी चार रात्री निजला नाही, ज्यांचे पोट भरले म्हणून तो डोळे पुसत बाहेर आला, त्या लेकरांची सटी कोणी जागवायची? हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही. त्यांना तो प्रश्न वाटलाच नाही.

सूर्यभान आठाच्या सुमारास आडवे झाले आणि लाकडासारखे निजले. त्यांना जाग आली तेव्हा दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती.

टाकीसमोर पाट मांडला होता. पाटावर तांदळाचे आळे, हळदकुंकू, आणि समईची ज्योत अजून तेवत होती. काळे कापड घडी करून बाजूला ठेवले होते. पाटावर त्यांची वही उघडून मांडली होती, कोऱ्या पानावर, वर पेन. घरात दुसरा कोरा कागद नव्हता. गोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"उठलास? रातभर लावून ठेवला बघ. एकदाबी इझू दिला न्हाई. आन् सूर्या, काय सांगू तुला, समदी लेकरं दिव्याजवळ आली! मला निसतं चमचम चमचम दिसायचं. रातभर नाचत हुती रं दिव्याफुडं, जनू आईला भेटाय आली."

सूर्यभान पाटाजवळ बसले. समोरच्या काचेच्या तळाशी, बरोबर ज्योतीच्या रेषेत, पांढऱ्या राखेसारखा एक थर साचला होता. त्यांनी भिंग लावले आणि थोड्याच वेळात खाली ठेवले. पिलांची मुखे काचेवर आपटून झिजली होती. वर पाण्यात कुठे हालचाल दिसत नव्हती. त्यांनी समईची ज्योत बोटांनी चिमटून विझवली. ती बोटे फारसे भाजणे जाणत नव्हती.

"का रं इझवलास?" गोजरबाईंनी विचारले. "उजाडलं म्हून?"

उत्तर ओठांवर आलेले होते, आणि ते कठोर होते. हात लावू नको म्हणून सांगितले होते ना, हे ते उत्तर. ते उच्चारण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि त्याच क्षणी हे शब्द पूर्वी कोणाच्या तोंडून ऐकले ते त्यांना आठवले.

चौसष्ट साल असावे. नोकरी लागून दोन महिने झाले होते. प्रयोगशाळेत एका अध्यापकांनी बेडकांची पिले वाढवायला ठेवली होती आणि जाताना सांगितले होते, या पाण्याला हात लावायचा नाही. चार दिवसांनी पाण्याला वास येऊ लागला. नव्या परिचराला त्या मुक्या जीवांची दया आली. त्याने नळाचे स्वच्छ पाणी भरले. संध्याकाळपर्यंत सगळी पिले उताणी झाली. नळाच्या पाण्यात औषध असते, ते या जीवांना सोसत नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सर्वांसमक्ष अध्यापक ओरडले होते, "हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?" त्यानंतरच्या एकतीस वर्षांत सूर्यभानांना पुष्कळ आज्ञा मिळाल्या. कारणे फार थोडी मिळाली. जयमालाबाई तेवढ्या कारण सांगत, म्हणून त्या बाईंसाठी हा मनुष्य वाटेल ते करी. आणि आता स्वतःच्या घरात, ज्या बाईने आपल्याला घास भरवून वाढवले तिला, आपणही आज्ञाच दिली होती. तीन ओळींचे कारण बाईंच्या टिपणात होते. ते तिला वाचता येत नव्हते, आणि आपण ते वाचून दाखवले नव्हते.

"सूर्या," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "बोलत का न्हाईस? गेली का?"

"व्हय, आक्का."

"समदी?"

"बघतो."

"कशानं गेली?"

खोटे बोलणे सोपे होते. तिच्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. मेली म्हणावे, अशी मरतातच म्हणावे, तर तिने ते मानले असते आणि जन्मभर त्या चमचमीचे सुख तिच्याजवळ राहिले असते. पण एकदा कारण न सांगण्याचे फळ समोर तळाशी पडलेले असताना दुसऱ्यांदा कारण लपवणे त्यांना जमेना.

"दिव्यानं," ते म्हणाले. "त्यांना उजेडाचं वेड असतं. एका बाजूनं उजेड दिसला की त्याच्याकडं जातात, मधे काच आहे हे त्यांना कळत नाही. म्हणून मी कागद लावला होता, म्हणून कापड होतं. हे मी तुला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. चूक माझी आहे, आक्का, तुझी नाही."

गोजरबाईंनी उठून चाचपडत पाटावरचे तांदूळ गोळा केले, हळदकुंकू पुसले, आणि पाट भिंतीशी उभा केला. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मंजी नाचत न्हवती ती."

"नाही."

"आन् मी हासत बसले हुते."

बाहेर बनुबाई कोणाला तरी हाका मारीत होत्या. सूर्यभानांनी नळीने तळ साफ करायला घेतला. एकेक करून त्यांनी ती राख उपसली, आणि उपसताना मागच्या कोपऱ्यात, जिथे कौलाच्या तुकड्याची सावली पडत होती, तिथे त्यांना काहीतरी हलताना दिसले. त्यांनी भिंग घेतले. दिव्याचा उजेड कौलाआड पोहोचला नव्हता. त्या हातभर सावलीत काही पिले राहिली होती.

"आक्का, आहेत. थोडी आहेत."

"किती?"

"अकरा. बारा. बारा आहेत."

"कापड टाक आधी," गोजरबाई म्हणाल्या.

त्या दिवशी वहीत काय लिहावे याचा सूर्यभानांनी पुष्कळ विचार केला. पान कोरे होते, फक्त एका कडेला हळदीचे बोट लागले होते. त्याच पानावर त्यांनी लिहिले, 'सहावा दिवस. सुमारे एकशे ऐंशी मेली. बारा शिल्लक. कारण : समईचा उजेड. उजेडाचे कारण : मी सांगितले नव्हते.' मग ते पान त्यांनी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि म्हणाली, "माझंबी नाव लिव."

"तुझं कशाला?"

"दिवा आपसूक लागला व्हय? बाईंनी वाचलं तर त्यांला कळाय नको, कुनी लावला? लिव."

त्यांनी लिहिले, 'समई गोजरबाईंनी लावली, सटीसाठी.' हे लिहिताना त्यांना उमगले की इतक्या वर्षांच्या प्रयोगवह्यांत कोणत्याही मृत्यूपुढे कोणाचे नाव त्यांनी पाहिले नव्हते.

पुढचे दिवस त्या घराने एका व्रतासारखे काढले. गोजरबाई टाकीजवळ बसत आणि प्रत्येक कृतीचे कारण विचारीत. हिरवे पाणी का गाळायचे? गाळले नाही तर त्याचा सडका भाग आत जातो. कापड दिवसा का काढायचे? कारण अंधारात त्यांना खाणे दिसत नाही. मग अर्धे का काढायचे? धाकटा भाऊ एकेक कारण सांगत गेला, आणि सांगताना कधी कधी त्याचे स्वतःचेच कारण कच्चे निघाले, तेव्हा तो म्हणे, "हे मलाही नीट माहीत नाही. बाईंना विचारतो." आठव्या दिवशी तीन पिले गेली. दहाव्या दिवशी आणखी दोन. प्रत्येक वेळी गोजरबाई विचारीत, "कशानं?" आणि कळले असेल तर सूर्यभान सांगत, न कळले असेल तर न कळल्याचे सांगत. वीज गेली की ट्यूबचे चाक आता गोजरबाई फिरवीत. बुडबुड्यांचा आवाज त्यांना भावापेक्षा अधिक अचूक कळे. "वारा जास्ती झाला," त्या म्हणत, "पोरं फेकली जात्याल." आणि खरोखरच जास्ती झालेला असे.

बाराव्या दिवशी सकाळी सात पिले होती. ती आता पाण्यात वाटेल तशी तरंगत नव्हती. तळाजवळ येऊन, अंग आखडून, माशासारखी वळत होती. पारदर्शक देह तांबूस झाला होता. सूर्यभानांनी भिंगातून पाहिले, पुन्हा पाहिले, भिंग धोतराने पुसून तिसऱ्यांदा पाहिले. एका पिलाच्या डोळ्यामागे, मानेच्या जागी, केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती.

त्यांनी एका पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन ते पिलू अलगद त्यात उतरवले आणि दारात, सारख्या पसरलेल्या सावलीच्या उजेडात, वाटी बहिणीपुढे धरली.

"पट्टा आलाय, आक्का. एकाला. बघ."

गोजरबाई वाटीवर वाकल्या. त्यांचे नाक पाण्याला टेकायचेच बाकी राहिले. बराच वेळ त्यांनी पाहिले, मान एकीकडे कलती करून पाहिले, दुसरीकडे कलती करून पाहिले.

"मला पान्याबिगर काय दिसंना," त्या शेवटी म्हणाल्या. "तू सांग. कुटं हाय? किती रुंद हाय? वरनं खाली की आडवा?"

"वरून खाली. डोळ्याच्या मागं."

"दोन्ही अंगाला?"

सूर्यभानांनी वाटी उन्हाच्या बाजूने न वळवता, स्वतःच तिच्याभोवती फिरून पाहिले. "दोन्ही."

"वरती जुळलाय का डोक्यावर?"

"अजून नाही. मधे थोडी जागा आहे."

"का?"

"कारण अजून व्हायचाय तो. डोळ्यामागून सुरुवात होते, मग वर चढतो. असं मला वाटतं."

"वाटतं का म्हाईत हाय?"

"वाटतं."

"मग उद्या परत बघ आन् मला सांग," गोजरबाई म्हणाल्या, आणि वाटी त्यांच्या हातून घेऊन, दोन्ही तळव्यांत तोलून धरली. वाटीतले पाणी किंचितही हलले नाही. "आता ह्येला लवकर आत सोड. वाटीतलं पानी तापतंय."